फ्रेंच धाटणीचं रेलिंग करायचं असेल तर आधी मजले वाचा

लातूरच्या आमच्या शेडमध्ये हल्ली घर बांधणारी माणसं मोबाइल पुढं करतात आणि म्हणतात, "ताई, हे असं पॅरिसवानी करून द्या." फोटोत फिकट दगडाची इमारत असते आणि तिच्यावर काळी, वेलबुट्टीची गॅलरी. घडाई आणि वेल्डिंग माझ्या भावाकडं, नक्षी आणि मापं माझ्याकडं, त्यामुळं हा फोटो माझ्याच टेबलावर येतो. मी आधी एवढंच विचारते : हे रेलिंग त्या इमारतीत कितव्या मजल्याचं आहे? बहुतेकांनी ते पाहिलेलं नसतं, आणि सगळी गोम तिथंच आहे.

फ्रान्समधल्या जुन्या घरात लोखंडाची नक्षी सगळीकडं सारखी नसायची. कोण कुठं राहतं, कोण कोणत्या जिन्यानं चढतं, यावर ती ठरायची. मानाच्या मजल्याला दाट काम, त्याच्या वर हलकं, नोकरांच्या वाट्याला नुसते गज. एकाच पॅनलची नक्कल करून ती गेटपासून गच्चीपर्यंत लावली, तर पैसे भरपूर जातात आणि घर बाजारातल्या तयार ग्रीलचं दिसतं. म्हणून नक्षी निवडण्याआधी मजले वाचायचे.

फोटो खालून वर वाचा

लोक जो फोटो आणतात तो बहुधा ओसमानच्या काळातल्या इमारतीचा असतो. तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत, १८५३ ते १८७० या काळात, हा अधिकारी पॅरिसचा कारभार बघत होता. त्यानं जुन्या वस्त्यांमधून रुंद रस्ते काढले आणि त्या रस्त्यांच्या कडेला एका साच्यातल्या इमारती उभ्या राहिल्या.

तळमजल्यावर दुकानं. त्यावर बुटका अर्धमजला, दुकानदाराच्या मालासाठी किंवा बिऱ्हाडासाठी. त्याच्यावरचा, म्हणजे तळमजला सोडून दुसरा, हा मानाचा मजला. रस्त्याचा चिखल आणि गाड्यांचा खडखडाट खाली राहतो, आणि जिनाही फार चढावा लागत नाही. म्हणून सगळ्यात जास्त भाडं याच मजल्याचं. छत उंच, खिडक्या मोठ्या, आणि इमारतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड गॅलरी. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर ती गॅलरी तुटते आणि एकेका खिडकीपुरता कठडा उरतो. पाचव्यावर पुन्हा अखंड गॅलरी दिसते, पण तिथं फसू नका. ती राहणाऱ्याच्या मानासाठी नव्हती, दर्शनी भागाला वरून एक सलग रेघ हवी म्हणून होती. तिच्यावर जस्ताच्या छपराखाली मोलकरणींच्या खोल्या. त्यांना वर जायला मागच्या बाजूनं वेगळा अरुंद जिना आणि त्याला साधे उभे गज. पुढच्या जिन्यानं त्यांनी चढायचं नाही.

पुढं लिफ्ट आली आणि सगळं उलटलं. हवा आणि उजेड असलेले वरचे मजले महाग झाले. लोखंड मात्र होतं तिथंच राहिलं. म्हणून आजही त्या इमारतीसमोर उभं राहिलं की दीडशे वर्षांपूर्वी पैसा कोणत्या मजल्यावर राहत होता ते रेलिंगवरून सांगता येतं.

आपल्याला हे परकं नाही. आपल्या वाड्यांतही देवडीच्या दाराला ठसठशीत खिळे आणि जड कड्या, आणि परसदाराला साधा कोयंडा. आल्या माणसानं काय पाहावं ते ठरवूनच लोखंड खर्च केलेलं असायचं.

तुमच्या फोटोत आता हे शोधा : गॅलरी अखंड आहे की खिडकीपुरती? नक्षी कठड्याच्या पूर्ण उंचीची आहे की फक्त मधला पट्टा आहे? तिच्या वरच्या आणि खालच्या मजल्याला काय आहे? शेजारच्या मजल्याचा फोटो नसेल तर दुसरा फोटो शोधा. एकट्या पॅनलवरून मी काम घेत नाही.

कोणत्या लुईचं?

लोखंडातून हुद्दा सांगायची ही रीत पॅरिसच्या भाड्याच्या इमारतींच्या कितीतरी आधीची, राजवाड्यांपासूनची आहे. ब्लोंदेल (१७०५–१७७४) नावाचा वास्तुकलेचा फ्रेंच शिक्षक विद्यार्थ्यांना शिकवायचा की सजावट मालकाच्या दर्जाला शोभेल एवढीच असावी, कमी नाही आणि जास्तही नाही. पॅरिसजवळच्या व्हर्सायच्या राजवाड्यासमोरचं सोनेरी गेट फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात गेलं. २००८ मध्ये ते पुन्हा उभारलं तेव्हा त्याला सुमारे १ लाख सोन्याचे वर्ख लागले. राजसत्तेच्या खुणा क्रांतीवाल्यांनी मुद्दाम फोडल्या. १७९० मध्ये उमरावांच्या पदव्या आणि कुलचिन्हं रद्द झाली आणि पुढं लोखंडी कामातले मुकुट आणि कमळासारखी राजफुलंही ठिकठिकाणी ठोकून काढली गेली. नक्षी ही नुसती शोभा असती तर कुणी एवढी तसदी घेतली नसती.

ग्राहकासाठी कामाचं म्हणजे या नक्षीच्या तीन ढोबळ तऱ्हा आहेत, लुई नावाच्या तीन फ्रेंच राजांच्या काळावरून ओळखायच्या, आणि त्यातली कोणती आपल्याकडं जमते ते आधी कळलं पाहिजे.

चौदाव्या लुईच्या काळातली नक्षी काटेकोर जुळ्या बाजूंची. मधोमध एक जड पॅनल, दोन्हीकडं समोरासमोर वळणं, पत्र्यातून ठोकून उठवलेली पानं. पंधराव्या लुईच्या काळातली नक्षी वाहती. दोन बाजू मुद्दाम वेगळ्या, शिंपल्यांचे आणि लाटांचे आकार, कुठंही सरळ रेघ सापडत नाही. याचा कळस पाहायचा तर नान्सी शहरातला स्तानिस्लास चौक. १७५२ ते १७५५ मध्ये तो बांधला गेला. पंधराव्या लुईचे सासरे आणि लोरेनचे ड्यूक असलेल्या स्तानिस्लास यांच्यासाठी ज्याँ लामूर या कारागिरानं तिथल्या काळ्या-सोनेरी लोखंडी कमानी केल्या. चौकाच्या कोपऱ्यांत कारंज्यांभोवती ती जाळी अशी उभी आहे की मधून मोकळं आकाश दिसतं. माझ्या मते लोखंडाकडून माणसानं याहून सुंदर काही करवून घेतलेलं नाही. सोळाव्या लुईच्या काळात पुन्हा सरळ रेघा आल्या : उभे गज, लंबगोल, काटकोनात वळत जाणारी ग्रीक पट्टी, क्वचित एखादी माळ.

माझा सल्ला स्पष्ट आहे. लातूर, परभणी, नांदेड, कुठंही साध्या फॅब्रिकेशनच्या दुकानात काम करून घेणार असाल तर सोळावा लुई घ्या. पंधरावा मागू नका.

कारण हातात घेऊन पाहिलं की कळतं. आमच्या शेडमध्ये दोन तुकडे टांगून ठेवलेत, दोन्ही 'सी' आकाराचे. पहिला पट्टी थंडच फर्म्यावर वळवून केलेला. त्याचं टोक जिथं संपतं तिथं पट्टी पूर्ण जाडीची आहे, कातरल्यासारखी. दुसरा भावानं भट्टीत केलेला. टोक केशरी होईपर्यंत तापवायचं, ऐरणीच्या कडेवर धरून ठोकत ठोकत निमुळतं करायचं, मध्येच थंडावलं की पुन्हा भात्यावर, आणि मग शेवटचं वेटोळं आत घ्यायचं. या तुकड्यावरून बोट फिरवलं तर जाडी हळूहळू कमी होत जाते आणि टोकाला पुन्हा छोटी गुंडी लागते. लामूरच्या कामातला जीव या निमुळतेपणात आहे. थंड वळवलेल्या पट्टीतून वाहती नक्षी केली तर ती मेल्यासारखी दिसते. लंबगोल आणि ग्रीक पट्टीचं तसं नाही. तिथं पट्टी मुळातच एकसारख्या जाडीची लागते, त्यामुळं थंड वळवूनही काम खरं दिसतं.

लेझरनं कापलेल्या पत्र्याबद्दल रोज विचारतात. कापलेल्या पत्र्याला खोली नसते. उन्हात त्या नक्षीच्या अंगावर सावली पडत नाही, रस्त्यावरून ती काळ्या कागदाची जाळी वाटते. घडीव कामात एक पट्टी दुसरीच्या पुढं येते, मध्ये कडी बसते, रिबिटाचं डोकं वर येतं, आणि आपल्या मराठवाड्याच्या उन्हात तर त्याची सावली भिंतीवर दुसरी नक्षी काढते. पैसे पत्र्यात घालू नका.

अजून एक वाट आहे : आर्ट डेको, म्हणजे भूमितीच्या आकारांची सजावटशैली. १९२५ च्या पॅरिसच्या सजावट-कलांच्या प्रदर्शनात एडगर ब्रांटचं लोखंडी काम गाजलं. हा माणूस घडाईतला वस्ताद होता, तरी गॅस वेल्डिंग आणि यंत्राचा हातोडा त्यानं बिनदिक्कत वापरला. त्याची कारंजी आणि फुलं भूमितीत बसवलेली आहेत. वेल्डिंगच्या दुकानाला ही भाषा समजते.

बिडाचं की घडीव

फोटोतली गॅलरी बहुधा ओतीव बिडाची, म्हणजे साच्यात ओतलेल्या लोखंडाची असते, घडीव नाही, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. १९ व्या शतकात फ्रान्सच्या पूर्वेकडच्या ओत-मार्न भागातल्या भट्ट्यांमधून नक्षीदार पॅनलं ओतून निघू लागली. बांधकाम करणारा नमुन्यांच्या पुस्तकातून पॅनल निवडायचा आणि मागवायचा. जी वेलबुट्टी एकेकाळी फक्त ड्यूकला परवडायची ती कापडाच्या व्यापाऱ्याच्या खिडकीला आली. मग मान सांगायला नक्षी पुरेना. ती किती लांब आणि कोणत्या मजल्यावर, यावर मान ठरू लागला. पुढं १९०० मध्ये गिमार या वास्तुरचनाकारानं पॅरिसच्या मेट्रोची प्रवेशद्वारं ओतीव लोखंडाच्या देठांनी उभारली, तेव्हा तर तिकीट काढणाऱ्या कुणालाही त्या वळणाखालून जाता आलं. मला हा सगळ्या कहाणीतला सगळ्यात आवडता टप्पा वाटतो.

तुमच्या घरासाठी मात्र बीड टाळा. ते ठिसूळ असतं, वाहतुकीत आपटलं की तुटतं, आणि आपल्या नेहमीच्या रॉडनं त्याला वेल्डिंग धरत नाही. बाजारात पोलादी ओतीव फुलं, भाले, पाकळ्या मिळतात, त्या वेल्ड होतात. त्यांचा वापर मिठाएवढा करा. घेताना वेल्ड होणारं पोलाद आहे ना, हे दुकानदाराकडून पक्कं करून घ्या, आणि एक तुकडा आधी जोडून हातोडीनं ठोकून पाहा.

आपल्या घरात मान कुणाला?

फ्रेंच घरात दाट काम भाडेकरूच्या ऐपतीवर ठरायचं आणि साधे गज मोलकरणीच्या वाट्याला यायचे. तेवढं तंतोतंत उचलायचं कारण नाही. उचलायची ती वाटणी : एक जागा दाट, बाकीच्या तिच्या मागं. ती जागा माणसाच्या हुद्द्यावरून ठरवण्यापेक्षा वापरावरून ठरवा. आपल्याकडं घरात कोण कुठं बसतं ते बघा. संध्याकाळी आजी-आजोबा ज्या गॅलरीत खुर्ची टाकतात ती तुमचा मानाचा मजला. दाट पॅनल तिथं लावा. बेडरूमच्या खिडक्यांना त्याच नक्षीतला एकच घटक घ्या, समजा फक्त लंबगोल. गच्चीला सरळ गज, वर-खाली एकेक पट्टी, बस्स. मागच्या जिन्यालाही गज साधेच असू द्या, पण कठडा हाताला गोल लागेल असा करा. त्या जिन्यानं चढणाऱ्याच्या हातात बादली असते.

गेटचं गणित वेगळं. गेटला भाल्याची टोकं शोभतात, गॅलरीला अजिबात नाही. आपल्याकडं गॅलरीच्या कठड्यावर गोधडी वाळत पडते, पावसाळ्यात कपडे पडतात. टोकांनी गोधडी फाटते आणि वाकून खाली बघणाऱ्या पोराला लागतं. गॅलरीचा माथा सपाटच हवा. पश्चिमेची गॅलरी असेल तर वर सागवानी पट्टी बसवा. एप्रिल-मेमध्ये दुपारी काळ्या लोखंडाला हात लावून दाखवा मला.

मापं

पॅरिसमधली जुनी रेलिंग बऱ्याच ठिकाणी आजच्या मापानं बुटकी आहेत, आणि तिथंही वरून जादा दांडा लावून उंची वाढवलेली दिसते. फोटोचं प्रमाण जसंच्या तसं घेऊ नका. उंची निदान १ मीटर ठेवा, वरच्या मजल्यांना सव्वा मीटरच्या जवळ. दोन गजांमधली मोकळी जागा ४ इंचांपेक्षा कमी. अगदी तळाची एक पट्टी सोडली तर खालच्या दोन फुटांत आडव्या पट्ट्या किंवा पाय ठेवता येईल अशी वळणं नकोत, पोरं शिडीसारखी चढतात. म्हणजे नक्षी वरच्या भागात आणि खाली उभे गज, हीच रचना सुरक्षित आणि सोळाव्या लुईला धरूनही आहे.

गज चार सूत, म्हणजे १२ मिलिमीटरचा चौकोनी भरीव बार. त्याचं वजन मीटरला साधारण १.१३ किलो. तीन सुती बार स्वस्त पडतो, पण लांबून काडीसारखा दिसतो. पोकळ पाइप घेऊ नका. त्याला आतून गंज चढतो आणि बाहेरून कळत नाही. वरचा कठडा ४० बाय १० ची पट्टी. या हिशोबानं १० फुटी रेलिंग साध्या गजांत ५० किलोच्या आसपास जातं, नक्षी धरून थोडं वर. तेवढ्याच लांबीची साडेचार इंची विटांची भिंत ६०० किलोच्या पुढं जाते. किल्लारीचा १९९३ चा भूकंप ज्या जिल्ह्यानं सोसला, तिथं पुढं लोंबणाऱ्या स्लॅबवर विनाकारण वजन ठेवू नये असं मला मनापासून वाटतं. सिमेंटच्या बाटलीदार खांबांचा कठडा मागणाऱ्यांनाही मी हेच सांगते. तरी रेलिंग ठरवण्याआधी स्लॅबबद्दल इंजिनिअरशी बोलून घ्या.

नक्षी कागदावर पसंत करू नका. आम्ही शेडच्या जमिनीवर खडूनं पूर्ण मापात काढतो आणि घरच्या सगळ्यांना बोलावतो. कागदावर नाजूक वाटणारा लंबगोल जमिनीवर परातीएवढा निघतो, तेव्हा बदल करायला खडू पुसणं पुरतं. शक्य असेल तर एक पॅनल करून गॅलरीत बांधून रस्त्यावरून पाहा. रेलिंग हाताच्या अंतरावरून कमी आणि रस्त्यावरून जास्त बघितलं जातं.

नावाचं अक्षर

देशमुख, पाटील, कुलकर्णी, सगळ्यांना मधोमध अक्षर हवं असतं. कल्पना चांगली आहे. पती त्रिआनों या व्हर्सायच्या आवारातल्या छोट्या महालाच्या जिन्यावर सोळाव्या लुईची राणी मारी आंत्वानेत हिच्या नावाची एम आणि ए ही अक्षरं आजही लोखंडी कठड्यात गुंफलेली दिसतात. पण रोमन एम आणि ए दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात. आपला 'प' किंवा 'द' घरातून उलटा दिसणार. ते मान्य करा आणि अक्षर रस्त्याकडून सुलट ठेवा.

देवनागरीला लंबगोल चौकट सोसत नाही. वरच्या वळणात शिरोरेषा कोंबावी लागते आणि अक्षर चिमटल्यासारखं होतं. त्याऐवजी शिरोरेषेचं काम कठड्याखालच्या आडव्या पट्टीला द्या. 'प', 'म', 'व', 'ग' यांचा काना म्हणजे रेलिंगचाच एक उभा गज. मग जोडायचं उरतं ते फक्त पोट किंवा गाठ, आणि अक्षर चिकटवलेलं न वाटता रेलिंगमधूनच उगवल्यासारखं दिसतं. 'द', 'ट', 'र' यांना पूर्ण काना नाही, ती पट्टीला लोंबती ठेवावी लागतात. त्यांना खालून एखाद्या पाकळीचा आधार द्या, नाहीतर हलतात.

भाव, रंग आणि बसवणी

साध्या गजांचं काम किलोवर ठरवा, नक्षीच्या पॅनलचा भाव नगावर. पॅनलही किलोवर दिलं की कारागिराचा फायदा जाड लोखंडात आणि तुमचा पैसा वजनात जातो, नाजूकपणाला कुणीच वाली राहत नाही. भट्टीचं काम असेल तर मजुरी मालापेक्षा जास्त होईल. ती द्या. टोक निमुळतं करायला वेळ लागतो.

जोडावर वेल्डिंगचे गोळे दिसत असतील तर माल उचलू नका. ग्राइंडरनं साफ करून घ्या, आणि वळणं एकमेकांना टेकतात तिथं कडी बसवायला सांगा. जुन्या कामात कडी हाच जोड होता. आज आतून वेल्ड असला तरी कडीनं डोळ्याला जोड कळतो.

जुने फ्रेंच कारागीर गजाचं टोक दगडात खोचून वितळलेलं शिसं ओतायचे. आपण गज फरशीत गाडतो आणि तिथंच गंज लागतो. आपली हवा कोरडी म्हणून लोक निर्धास्त असतात. पण कूलरचं गळणारं पाणी, भरून वाहणारी टाकी आणि रोज गॅलरी धुताना टाकलेली बादली यांचं पाणी गजाच्या पायाशीच थांबतं. म्हणून पायाला प्लेट, ती स्लॅबमध्ये अँकर बोल्टनं पक्की, आणि खालची आडवी पट्टी फरशीपासून दोन-तीन इंच वर. प्लेटच्या कडेनं पाणी थांबणार नाही असा उतार द्या.

रंगाआधी गंज पूर्ण घासा, मग प्रायमरचे दोन हात, मग काळा किंवा गडद हिरवा, चमक कमी असलेला. सोनेरी रंग राजवाड्याच्या गेटला होता, राहत्या इमारतीच्या गॅलरीला सहसा नाही, आणि डब्यातला सोनेरी रंग आपल्या उन्हात लवकर तपकिरी पडतो. फारच हौस असेल तर एखादी खरी पितळी गुंडी कठड्याच्या टोकाला लावा. हात लागून लागून ती आपोआप चकाकते.

पहिला पावसाळा संपला की दसऱ्याच्या साफसफाईत गजांचे पाय आणि कड्यांच्या मागची बाजू बघा. तांबूस डाग दिसला तर तेवढीच जागा घासून प्रायमर आणि रंग द्या. त्यासाठी उरलेला रंग डब्यात घट्ट झाकून ठेवा आणि झाकणावर शेड नंबर लिहून ठेवा.